आटणे, वाळणे आणि बाष्पीभवन

मराठीत वर्षाकाठी किती कादंबऱ्यांची परीक्षणे होतात, किती काव्यसंग्रहांवरून वाद झडतात, आणि एखाद्या कवीच्या एकाच प्रतिमेवरून महिनोन् महिने पत्रव्यवहार कसा रंगतो, हे दिवाळी अंकाच्या वाचकांना सांगावयास नको. पण ज्या पुस्तकांना दरवर्षी लक्षावधी वाचक हमखास लाभतात, जी खेड्यापाड्यांतल्या घरांत जातात, बोटाला थुंकी लावून वाचली जातात आणि जून ते मार्च एवढ्या अवधीत ज्यांच्या कडा झिजून गोल होतात, त्या पुस्तकांकडे आपल्या समीक्षेने कधी वळून पाहिल्याचे दिसत नाही. मी प्राथमिक शाळेच्या पाठ्यपुस्तकांविषयी बोलतो आहे. त्यातही विज्ञान शिकविणाऱ्या पाठांविषयी. भाषेच्या पुस्तकात कोणाची कविता आली आणि कोणाची गळली यावर निदान चार पत्रे छापून येतात. विज्ञानाच्या पाठाचे गद्य मात्र गद्य म्हणून कोणी वाचीत नाही. ते तसे वाचून पाहावे, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

विज्ञानाची पदवी माझ्यापाशी नाही. कंधारला मुलांना शिकवितो आणि कादंबऱ्या लिहितो. वाक्य जिवंत आहे की मेलेले, हे ओळखण्याची थोडी सवय या दोन्ही धंद्यांनी लावली आहे. तेवढ्या भांडवलावर हे धाडस करीत आहे.

एका शब्दापासून सुरुवात करू. 'बाष्पीभवन' हा शब्द आपल्या मुलाला प्राथमिक वर्गातच भेटतो. पाण्याची उष्णतेने वाफ होते, तिला बाष्पीभवन म्हणतात. पुढे संघनन, मग पाऊस, आणि जलचक्राची ती सुबक आकृती, जिच्यात समुद्र नेहमी डाव्या कोपऱ्यात आणि डोंगर उजव्या कोपऱ्यात असतो. मुलाने ही आकृती काढली, बाण योग्य दिशेने दाखविले, की त्याला विज्ञान आले असे आपण धरून चालतो.

पण या मुलापाशी हा शब्द येण्यापूर्वी काय होते? त्याच्यापाशी क्रियापदे होती, आणि ती थोडीथोडकी नव्हती. कपडे वाळतात. दूध आटते, विहीर आटते, आणि दूध देईनाशी झाली म्हणजे गायही आटते. फूल सुकते, जखमही सुकते. सारवलेल्या भुईची ओल उडते. पहिल्या पावसाचे पाणी रानात जिरते आणि नंतरचे मुरते. ही नुसती शब्दांची चैन नाही. प्रत्येक क्रियापदात कोणा तरी जुन्या माणसाने केलेले एकेक निरीक्षण साठवलेले आहे. 'आटणे' म्हणताना आपली नजर भांड्यात मागे राहिलेल्या, घट्ट झालेल्या वस्तूवर असते. म्हणून बासुंदी आटवितात, वाळवीत नाहीत. 'वाळणे' म्हणताना पापड महत्त्वाचा असतो, त्यातले पाणी कुठे गेले याची फिकीर नसते. आणि 'जिरणे' या शब्दाला तर दिशा आहे: पाणी खाली गेले. चौथीतली पोरगी मार्च महिन्यात वर्गात येऊन सांगते, "गुरुजी, आमच्या हिरीचं पानी आटूलालंय." या वाक्यात जे ज्ञान आहे, त्याची दखल आपले पुस्तक घेत नाही. ते या साऱ्या क्रियापदांवर एक भलेमोठे संस्कृत नाम ठेवून देते. बशीखाली मुंगी झाकावी तसे.

येथे घाई करून नामाला दोष देऊन चालणार नाही. 'संस्कृतप्रचुर परिभाषा नको' ही ओरड जुनी आहे आणि बऱ्याच अंशी उथळ आहे. बाष्पीभवन हा शब्द वाईट नाही. तो एक मोठा शब्द आहे. दोरीवरचे धोतर, कढईतली बासुंदी आणि गावाबाहेरचे तळे, या तीन ठिकाणी एकच गोष्ट घडते आहे, असे तो सांगतो. हे वरवर पाहता मुळीच खरे वाटत नाही. कढईखाली जाळ आहे, धोतराखाली नाही; तळे तर गारच लागते. तरीही गोष्ट एकच! हा माणसाच्या बुद्धीने लावलेला शोध आहे, आणि तो शोध मुलाला चकित करणारा आहे. आपली पुस्तके करतात काय, की हा शोध पहिल्याच ओळीत सांगून टाकतात. बाबूराव अर्नाळकरांनी पहिल्या पानावर खुनी कोण ते छापले असते, तर त्यांच्या हजारावर रहस्यकथांपैकी एकही खपली नसती.

नाम शेवटी यावे. आधी वाळणे, आटणे, सुकणे हे वेगवेगळे पाहून व्हावे, त्यांवर भांडण व्हावे, आणि मग, ज्या दिवशी वर्गातले एखादे पोर स्वतःहून म्हणेल की हे सगळे सारखेच दिसते आहे, त्या दिवशी शिक्षकाने तो शब्द बक्षिसासारखा हातावर ठेवावा.

आमच्या भागात हा प्रश्न केवळ शैलीचा नाही. कंधारच्या किल्ल्याभोवती पाण्याचा खंदक आहे, गावाला राष्ट्रकूटांच्या काळचे नाव सांगणारा जगत्तुंग तलाव आहे, मन्याड नदी आहे. पाणी धरून ठेवण्याची कला या मातीला हजार वर्षे ठाऊक आहे. आणि याच मराठवाड्यात एप्रिल २०१६ मध्ये लातूर शहराला मिरजेहून आगगाडीने पाणी आणावे लागले. आता शेतोशेती शेततळी झाली आहेत, तळाशी प्लास्टिकचा कागद अंथरलेली. तो कागद पाण्याचे खाली जाणे थांबवितो. वर जाणे थांबवीत नाही. म्हणजे तळ्यातले पाणी जिरून किती गेले आणि उडून किती गेले, हा आमच्या मुलांच्या बापाचा रोजचा, पैशाचा प्रश्न आहे. या प्रश्नाच्या दोन्ही बाजू मुलाच्या दोन क्रियापदांत तयार आहेत. जलचक्राच्या आकृतीत डोंगरावरून समुद्राकडे जाणारा निळा बाण मोठा असतो. जिरणाऱ्या पाण्याचा बाण, असलाच तर, बारीक असतो. ज्या प्रदेशाला समुद्र ठाऊक नाही आणि विहीर ठाऊक आहे, तेथे ही आकृती उलट्या प्रमाणात काढावयास हवी होती.

भाषेचा हा दुरावा आमच्याकडे नवा नाही. त्याला एक विलक्षण इतिहास आहे. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत कंधार निजामाच्या राज्यात होते. १९१८ साली हैदराबादला उस्मानिया विद्यापीठ स्थापन झाले, आणि देशभर विज्ञान इंग्रजीतून शिकविले जात असताना तेथे ते एका देशी भाषेतून, उर्दूतून, शिकविण्याचा मोठा उपक्रम झाला. त्यासाठी भाषांतराचे स्वतंत्र खाते होते आणि शब्द घडविणारे विद्वान होते. उपक्रम थोरच. पण मराठी शेतकऱ्याच्या मुलाला त्याचा अर्थ एवढाच, की वरच्या वर्गात जावयाचे तर उन्हाला 'हरारत' म्हणावयाचे. पुढे राज्य गेले, मराठी आली, आणि हरारतीच्या जागी 'उष्णता' आली. त्याच्या आजीच्या तोंडी मात्र आधीही 'ऊन', 'ऊब', 'झळ', 'धग' हेच होते आणि नंतरही तेच राहिले. दोन्ही वेळा देशी भाषेचा जयजयकार झाला. दोन्ही वेळा मूल दाराबाहेरच उभे होते.

हे माझ्यासारख्या कादंबरीकाराचे लहरी मत आहे असे कोणी म्हणेल, म्हणून सांगतो. मुंबईला टाटा मूलभूत संशोधन संस्थेने १९७४ साली होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र सुरू केले. त्याचे पहिले संचालक वि. गो. कुळकर्णी हे मूळचे भौतिकशास्त्रज्ञ. केंद्राने आपल्या आरंभीच्या कामांपैकी एक काम जळगाव जिल्ह्यातल्या खिरोद्याच्या परिसरातील शाळांत केले, हे मला फार बोलके वाटते. या मंडळींनी विज्ञान शिकण्यातला भाषेचा अडसर मुद्दाम तपासून पाहिला. पाठ्यपुस्तकातले विज्ञान तेच ठेवून केवळ मराठी सोपी केली, तर मुलांना ते अधिक समजते, असे त्यांना आढळले. 'पोरं मंद आहेत' या आपल्या लाडक्या निदानाला याहून सभ्य उत्तर मिळणे कठीण.

त्याच केंद्रातून शतक पालटण्याच्या सुमारास जयश्री रामदास आणि त्यांच्या सहकाऱ्यांची प्राथमिक वर्गांसाठी एक पुस्तकमाला निघाली: 'हलके-फुलके विज्ञान'. समीक्षकाने हाती घ्यावीत अशी ही पुस्तके आहेत. त्यांत मिनी आणि अपू अशी दोन मुले आहेत. नावे वाचताच 'काबुलीवाला' आणि 'पथेर पांचाली' आठवतात. ही नावे योगायोगाने आली की आवडीने, ते काही असो, दोन्ही पात्रांची जात त्या नावांना शोभणारी आहे. ती पाहतात, विचारतात, हटून बसतात. आपल्या नेहमीच्या पाठ्यपुस्तकातही राजू आणि मीना असतात, पण ते प्रश्न विचारतात ते ताईंना उत्तर देता यावे म्हणून. नाटकात नोकर टेबल पुसता पुसता धन्याची सगळी पूर्वकथा सांगतो, त्यातलाच तो प्रकार. मिनी आणि अपू यांचे तसे नाही. प्रश्न विचारून पुस्तक पुष्कळदा गप्प बसते. उत्तर लिहावयाचे ते मुलाने, आपल्या स्वाध्यायपुस्तकात, आपल्या शब्दांत. या मालेत उणे नाही असे नाही. तिच्यातली मुले जरा फारच समजूतदार आहेत, आणि तिला हवा तेवढा वेळ ज्याच्यापाशी आहे असा शिक्षक आधी शोधावा लागेल. पण प्राथमिक विज्ञानाच्या गद्यात मौनाचा उपयोग कसा करावा, हे तिला कळलेले आहे. ही कला कथाकारालाही उशिरा येते.

उलट बाजूने बालभारतीवर अन्याय होऊ नये. २७ जानेवारी १९६७ रोजी स्थापन झालेल्या या संस्थेने साऱ्या महाराष्ट्राच्या हाती स्वस्त, नेटकी, चित्रांची पुस्तके दिली. तिसरीचे 'परिसर अभ्यास' जिल्ह्याजिल्ह्याचे निराळे काढण्याची कल्पकताही दाखविली. त्या पुस्तकांतून 'करून पहा' अशी सदरे आहेत, आणि ती मनापासून घातलेली आहेत. गफलत पुढच्या ओळीत होते. 'करून पहा' म्हटल्यावर लगेच काय दिसेल तेही बहुधा सांगितलेले असते. मग कोण कशाला करून पाहतो? आमची मुले व्यवहारी आहेत.

एक उदाहरण देतो. गार पाण्याच्या पेल्याला बाहेरून थेंब येतात, तो पाठ. पावसाळ्याच्या दिवसांत वर्गात स्टीलचा पेला ठेवला, गारेगारवाल्याकडून बर्फ आणला. थेंब आले. कसे आले, असे विचारताच मागच्या बाकावरून उत्तर आले, "गिलास पाझरूलालाय की, रांजणावानी." पुस्तकाच्या दृष्टीने हे उत्तर चूक, तांबडी फुली. पण त्या उत्तराची इमारत पाहा! या मुलाच्या घरी रांजण आहे. रांजण खरोखरच पाझरतो, बाहेरून ओला होतो, आणि ते पाझरलेले पाणी वाऱ्याने उडते म्हणूनच आतले पाणी गार राहते. मुलाने एका पाहिलेल्या गोष्टीवरून दुसरी ताडली; शास्त्रज्ञ वेगळे काय करतात? प्रश्न एवढाच की ताडलेले तपासावे कसे. त्यावर वर्गातच एकीने तोड काढली: आत रंग घाला. रंगपंचमीचा उरलेला तांबडा रंग पेल्यात टाकला, बाहेरचे थेंब पुसून पुन्हा वाट पाहिली. थेंब पांढरेच आले. पेला पाझरत असता तर तांबडे आले असते. म्हणजे पाणी आतले नव्हे. मग कुठले? वर्ग छपराकडे पाहू लागला, खिडकीकडे पाहू लागला. हवेत पाणी असते ही कल्पना त्या क्षणी त्यांना नाइलाजाने करावी लागली, आणि अशी नाइलाजाने केलेली कल्पना माणूस विसरत नाही. जाता जाता, हाच प्रयोग आमच्याकडे एप्रिलच्या कोरड्या हवेत करा, थेंब उशिरा येतील आणि कमी येतील. का, हा पुढच्या तासाचा विषय. पुस्तकाला ऋतू नसतात, ही त्याची आणखी एक अडचण.

या साऱ्याच्या मुळाशी निवेदकाचा प्रश्न आहे. कादंबरीत 'सर्वज्ञ निवेदक' म्हणून एक प्रकार असतो. त्याला सर्वांच्या मनातले कळते, पुढे काय होणार तेही ठाऊक असते. पाठ्यपुस्तकातला निवेदक हा साऱ्या मराठी वाङ्मयातला सर्वांत सर्वज्ञ निवेदक असावा. 'हे अजून कोणाला कळलेले नाही' असे वाक्य त्याच्या तोंडी कधी येत नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, गणपती विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी, किल्लारीचा भूकंप झाला आणि हजारो माणसे झोपेतच गेली. तेव्हा जन्मलेली नसलेली मुले आज माझ्यासमोर बसतात. पण मार्च आणि जुलै २०२४ मध्ये शेजारच्या हिंगोली जिल्ह्यात भूकंप झाले, त्यांचे हादरे नांदेड भागातही बसले, भांडी वाजली, आणि आजीने किल्लारीची गोष्ट पुन्हा सांगितली. दुसऱ्या दिवशी वर्गात प्रश्न आला तो भूपट्टांचा नव्हता. "पुन्हा कवा हुईल?" याचे प्रामाणिक वैज्ञानिक उत्तर असे आहे, की भूकंपाची वेळ आधी सांगता येत नाही, जगात कोणालाच येत नाही, घर कसे बांधावे हे मात्र सांगता येते. मुलाला हे उत्तर झेपते. सर्वज्ञ निवेदकाला झेपत नाही, म्हणून तो भूकंपाची व्याख्या देतो. आणि जो नेमकी वेळ छातीठोकपणे सांगतो असा माणूस गावात नेहमीच कोणीतरी असतो.

मुलांपुढे न जाणतेपणाने उभे राहण्याचे एक उत्तम उदाहरण सणाच्या निमित्ताने आठवते. लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये १८२५ पासून नाताळात मुलांसाठी विज्ञानाची व्याख्याने होत आली आहेत. १८६० च्या नाताळात मायकेल फॅरडे तेथे एका मेणबत्तीवर सहा व्याख्याने द्यावयास उभा राहिला. लोहाराचा मुलगा, शाळा बेताची, उमेदवारी पुस्तकबांधणीच्या दुकानात. आणि तोवर साऱ्या युरोपात मान्यता पावलेला. त्याने 'ज्वलन म्हणजे काय' अशी सुरुवात केली नाही. मेणबत्ती घेतली, पेटविली, आणि मेण वातीत चढते कसे, ज्योत मधे काळपट आणि कडेला उजळ का, असे एकेक पुसत गेला. सहाव्या व्याख्यानात तो मेणबत्तीवरून माणसाच्या श्वासापर्यंत पोहोचला. १८६१ मध्ये ही व्याख्याने पुस्तकरूपाने निघाली आणि आजही ती वाचनीय वाटतात, याचे कारण त्यांतले रसायन नव्हे. वाक्ये चालतात, थांबतात, वाकून पाहतात, हे आहे.

आपल्याकडे तर मेणबत्तीहून जुनी पणती आहे. तेल वातीत आपोआप चढते, उताराविरुद्ध. ज्योतीवर थंड वाटी धरली की काजळ धरते. आपल्या आजीबाईंनी पोरांच्या डोळ्यांत घालण्यासाठी पिढ्यान् पिढ्या धरलेले हे काजळ म्हणजे तोच कोळशाचा कण, जो तापून उजळतो म्हणून ज्योत पिवळी दिसते. फॅरडेने हेच दाखविले होते. एवढे सगळे ज्या समाजाच्या देवघरात रोज घडते, तोच समाज २१ सप्टेंबर १९९५ रोजी गणपती दूध पितो म्हणून चमचे घेऊन रांगेत उभा राहिला. त्यात पृष्ठताण आणि केशाकर्षण पाठ केलेले पदवीधर पुष्कळ होते. मी त्यांना हसत नाही. ज्या शब्दाशी मुलाची ओळख वस्तूवाचून करून दिली, तो वेळेला ओळख देत नाही.

राहता राहिला प्रयोगाच्या साहित्याचा प्रश्न. पुण्याला आयुकाच्या आवारात अरविंद गुप्ता यांनी काड्यापेटीच्या काड्या, सायकलच्या व्हॉल्व्हच्या नळ्या आणि टाकाऊ कागद यांतून खेळणी करून दाखविली. २०१८ मध्ये त्यांना पद्मश्रीही मिळाली. पण एका शाळेत मी काचेच्या कपाटात कुलूपबंद ठेवलेली विज्ञानपेटी पाहिली आहे, आणि फुटेल म्हणून मुलांना ती बाहेरूनच दाखविली जाई. त्या शाळेच्या भिंतीवर 'विज्ञान कोपरा' असे सुंदर अक्षरांत लिहिलेले होते.

खरे साहित्य घरीच असते. बी रुजते कसे, हा प्रत्येक पुस्तकातला पाठ. ओल्या कापसात मटकी ठेवावी, मोड येतील. आमच्या घरोघरी मात्र पेरणीआधी याहून पक्का प्रयोग होतो. सोयाबीनचे शंभर दाणे मोजून ओल्या गोणपाटावर दहा-दहाच्या ओळींत मांडतात, गुंडाळी करून सावलीत ठेवतात, पाणी शिंपडीत राहतात, आणि आठवड्याने उगवलेले मोजतात. सत्तर किंवा अधिक उगवले तर बियाणे नेहमीच्या प्रमाणात, कमी उगवले तर एकरी जास्त. येथे मोजणी आहे, शेकडेवारी आहे, आणि निष्कर्षावर वर्षाची मिळकत अवलंबून आहे. याहून मोठी प्रयोगशाळा ती कोणती? अडचण एकच. हे सारे मे महिन्यात होते, आणि मे महिन्यात शाळेला सुट्टी असते.

म्हणून सुट्टीचा अभ्यास म्हणून मी हेच दिले होते: घरचे दाणे मोजा आणि लिहून आणा. जूनमध्ये वह्या आल्या. एकीने लिहिले होते, शंभरात चौसष्ट उगवले, आबांनी एकरी जादा बी धरले. दुसऱ्याचे ब्याऐंशी होते. तिसऱ्याने लिहिले होते: 'अठ्ठ्याऐंशी उगवले, बारा उंदरानं खाल्ले.' ते बारा दाणे शंभरात धरावयाचे की सोडावयाचे, यावरून वर्गाचे दोन तट पडले. एक बाजू म्हणे, उगवले नाहीत ते नाहीत. दुसरी म्हणे, उंदराने खाल्ले यात बियाण्याचा काय दोष? मग एकाने विचारले, उंदीर चांगले दाणे निवडून खातो की कसेही? घंटा झाली तरी कोणी जागचे हलेना.